एव्हबरी पायी बघायचं असेल तर: गाव, दगडांचं वर्तुळ आणि आजूबाजूचा सगळा पसारा

स्टोनहेंज बघून आलेले दहा लोक भेटले तर त्यातला एखादाच एव्हबरीला गेलेला असतो, आणि गेलेला असला तरी बहुतेक वेळा गाडी लावली, दोनचार दगडांपुढे फोटो काढले, पबमध्ये चिप्स खाल्ल्या आणि निघाले, एवढंच. माझं म्हणणं सरळ आहे, एव्हबरी हे उभं राहून बघायचं ठिकाण नाहीच, ते चालून बघायचं आहे. तिथे एकच एक वास्तू नाहीये, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्याच्या त्या डोंगरउतारांवर पसरलेला अख्खा पसारा आहे, दगडांचं वर्तुळ, मानवनिर्मित टेकडी, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची थडगी, जुने रस्ते, आणि या सगळ्याच्या मधोमध पाचेकशे वस्तीचं एक साधं खेडं, चर्च, पब, दुकान, मेंढ्यांसकट. यूकेत राहणाऱ्यांकडे आई-बाबा आले की लंडन, बाथ, स्टोनहेंज ही ठरलेली वारी होते, त्यात एक दिवस इकडे काढा, आणि निदान अर्धा तरी पायी करा.

थोडक्यात काय आहे तिथे

एव्हबरीचं वर्तुळ हे जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास साधारण ३३० मीटर, त्यात मुळात शंभरेक दगड होते, आत आणखी दोन लहान वर्तुळं, आणि सगळ्याच्या बाहेरून प्रचंड खंदक आणि त्याच्या मातीचा बांध. हे सगळं इ.स.पू. २८५० ते २२०० च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने झालं असं मानतात. खंदक आज आहे त्यापेक्षा कितीतरी खोल होता, जवळपास नऊ मीटर, आणि तो खणला हरणांच्या शिंगांनी. आता तो गाळाने अर्धा भरलाय तरी काठावर उभं राहिलं की पोटात जरा कालवतंच. १९८६ पासून हे आणि स्टोनहेंज मिळून एकच जागतिक वारसास्थळ आहे, पण स्टोनहेंजला दोरीच्या बाहेरून बघावं लागतं आणि तिकीट चांगलंच सणसणीत, इथे दगडाला पाठ टेकून डबा खाता येतो आणि वर्तुळात शिरायला एक पैसा लागत नाही. जागा सांभाळतो नॅशनल ट्रस्ट, म्हणजे जुन्या वास्तू आणि जागा जपणारी संस्था.

पोचायचं कसं

गाडी नसेल तर लंडन पॅडिंग्टनहून स्विंडनची ट्रेन, तासाभराचा प्रवास. स्विंडनहून ४९ नंबरची बस, जी पुढे डिव्हायझेस आणि ट्रोब्रिजला जाते, ती एव्हबरीत थांबते, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. बस कुठल्या थांब्यावरून सुटते ते आदल्या दिवशी ॲपवर बघून ठेवा आणि मुख्य म्हणजे परतीची शेवटची बस कितीची आहे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, रविवारी आणि बँक हॉलिडेला फेऱ्या कमी असतात. बसमध्ये उजव्या बाजूची खिडकी पकडा, कारण गावात शिरताना रस्ता थेट बांध फोडून वर्तुळात घुसतो आणि उजव्या हाताला रस्त्याला अगदी खेटून एक भलामोठा शंकरपाळ्याच्या आकाराचा दगड दिसतो, तोच स्विंडन स्टोन, वजन साठेक टन आणि उभा केल्यापासून कधीच न पडलेला म्हणून नावाजलेला. त्याच्या बाजूने लॉऱ्या धडाधड जात असतात, कुणाला काही वाटत नाही.

स्विंडनचं आणखी एक सांगायचं म्हणजे तिथे गोंयकार मंडळी भरपूर आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली कुटुंबं, यूकेतल्या मोठ्या गोवन वस्त्यांपैकी ही एक. त्यामुळे ट्रेन आणि बस यांच्यात वेळ असेल तर गोवन किंवा साउथ इंडियन दुकान शोधून वाटेतला खाऊ तिथूनच घ्या, पुढे खेड्यात काय मिळेल ते मिळेल.

गाडीने लंडनकडून येत असाल तर एम-४ च्या १५ नंबरच्या जंक्शनला उतरून मार्लबरो, तिथून ए-४ ने पश्चिमेकडे. ब्रिस्टलकडून येणाऱ्यांना १७ नंबरवरून चिपनम, कॅल्न करत येणं सोपं. पार्किंग गावाच्या दक्षिणेला ए-४३६१ वर नॅशनल ट्रस्टचं आहे, पैसे भरून, ट्रस्टच्या किंवा इंग्लिश हेरिटेजच्या सभासदांना फुकट. गावातल्या गल्लीत गाडी घुसवू नका, लोक राहतात तिथे, आणि जागाही नाही. उन्हाळ्यात वीकेंडला अकरानंतर पार्किंग भरतं, म्हणून लवकर.

एक तारीख मुद्दाम लक्षात ठेवा, २० आणि २१ जून. सगळ्यात मोठ्या दिवसाला तिथे ड्रुइड, पेगन (जुने निसर्गपूजक पंथ मानणारे), ढोलकीवाले, हौशे-नवशे सगळे जमतात आणि पार्किंगवर निर्बंध येतात. ती मजा बघायची असेल तर जरूर जा, पण शांतपणे चालायचं असेल तर तो आठवडाच टाळा.

काय न्यायचं

बूट. बाकी सगळं नंतर. तिथली जमीन चॉकची, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीची, ओली झाली की साबणासारखी सटकते आणि बुटाला पांढरा चिखल असा चिकटतो की गाडीत बसायच्या आधी पिशवी लागते. शिवाय गावाजवळून वाहणारा ओढा, ज्याला पुढे केनेट नदी म्हणतात, त्याचा वरचा भाग हिवाळ्यात वाहतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी कोरडा पडतो, कारण पाणी चॉकच्या आतून वर येतं, भूजल चढलं की झरे सुटतात. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत कुरणात पाणी साचलेलं असू शकतं आणि सप्टेंबरात त्याच जागी नुसतं गवत. २०२४ च्या जानेवारीत तर पाणी एव्हबरी मॅनर या गावातल्या जुन्या वाड्याच्या आतच शिरलं होतं आणि घर नंतर बराच काळ बंद राहिलं, तेव्हा मॅनर बघायचं मनात असेल तर निघण्याआधी ट्रस्टच्या साइटवर खात्री करा.

कागदी नकाशा आवडत असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १५७ घ्या, नाहीतर फोनवर ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा, दरीत रेंज जाते. पाणी सोबत हवंच, वाटेत दुकान नाही. लांब पँट घाला, खाजकुयलीसारखी नेटल सगळीकडे आहे, आणि उंच गवतातून गेलात तर घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का ते बघा. डिसेंबरात चारलाच अंधार पडायला लागतो, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यावरून बेत आखा.

क्रम: वर्तुळ सगळ्यात शेवटी

आता मुख्य मुद्दा. सगळे लोक आधी वर्तुळात शिरतात, तिथेच दमतात आणि बाकीचं राहून जातं. मी उलटं सांगतो, गावात आलात की टॉयलेट, चहा जे काय असेल ते उरका आणि दगडांकडे पाठ करून दक्षिणेला चालायला लागा. बाहेरून मोठा फेरा मारून पूर्वेकडून वर्तुळात या. पूर्ण फेरा दहा-अकरा किलोमीटरचा, रमतगमत, डबा खात साडेचार-पाच तास. फार मोठा चढ कुठेच नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी छोटा मार्ग पुढे देतो.

पार्किंगच्या तोंडासमोर रस्ता ओलांडला की ओढ्याच्या काठाने पायवाट सुरू होते. खांबांवर बाण असतात, पिवळा म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही परवानगी. फाटक उघडलं तर लावून घ्या, मेंढ्या पलीकडच्या शेतात गेल्या तर शेतकरी शिव्या घालेल आणि बरोबरच घालेल. डाव्या हाताला वेडन हिल नावाची लांबट टेकडी, आणि दहा-पंधरा मिनिटांत उजवीकडे सिल्बरी हिल उगवते.

सिल्बरी हिल

पहिल्यांदा बघणाऱ्याला ती नुसती एक गवताळ टेकडीच वाटते, वरून सपाट कापलेली, आणि इथे एवढं काय बघायचं असा प्रश्न पडतो. मग कळतं की ही माणसांनी रचलेली आहे, इ.स.पू. २४०० च्या सुमारास, तीस मीटर उंच, पायथ्याशी १६० मीटर रुंद, सुमारे पाच लाख टन चॉक आणि माती, टोपल्यांनी. युरोपातली प्रागैतिहासिक काळातली सगळ्यात मोठी कृत्रिम टेकडी. आणि कशासाठी ते कुणालाच ठाऊक नाही. आत सोन्याच्या घोड्यावर बसलेला सिल राजा पुरलाय अशी दंतकथा होती, त्या नादात १७७६ मध्ये कॉर्नवॉलच्या खाणकामगारांकडून वरून खाली सरळ भोक पाडलं, राजा काही मिळाला नाही. पुढे १८४९ मध्ये आणि मग १९६८ ते ७० मध्ये बाजूने बोगदे खणले, तेव्हाही नाही. हे सगळं खणकाम नीट न बुजवल्याचा परिणाम असा की २००० साली माथ्यावर मोठा खड्डा पडला, वरून पाडलेलं ते जुनं भोक आतून ढासळलं होतं, आणि अख्खी टेकडी पोटातून दुरुस्त करायला २००७-०८ उजाडलं.

म्हणून वर चढायला बंदी आहे. कुंपण ओलांडून वर बसलेले महाभाग कधीकधी दिसतात, त्यांचं बघून जाऊ नका. फोटो चांगला येतो तो पायवाटेवरूनच, हिवाळ्यात तर भोवतीच्या सखल जागेत पाणी भरतं आणि टेकडीची उलटी सावली पाण्यात पडते.

वेस्ट केनेट लाँग बॅरो

वाट ए-४ ला येऊन मिळते. हा रस्ता सांभाळून ओलांडा, गाड्या जोरात असतात, मुलांचा हात धरा. पलीकडे लेबाय (रस्त्याकडेला गाडी थांबवायची जागा) आहे, तिथून पाटी दिसते, मग छोटा पूल, आणि शेताच्या कडेने वर चढ, दहा-पंधरा मिनिटं. गाडीवाल्या आळशी लोकांना थेट या लेबायलाच गाडी लावून हे एवढंच बघता येतं.

वर गेलं की शंभर मीटर लांब हिरवा बांध दिसतो आणि त्याच्या पूर्वेच्या टोकाला तोंडासमोर रांगेत उभे केलेले अजस्र दगड. त्यांच्या मागून आत शिरायचं. आत गेल्यावर लगेच पुढे जाऊ नका, अर्धा मिनिट थांबा, डोळ्यांना अंधार सरावू द्या. मधोमध ताठ उभं राहून चालता येईल अशी वाट, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या आणि शेवटी पाचवी, छपराला पण सपाट दगड, आणि मोठ्या दगडांमधल्या फटी बुजवायला लहान-लहान चकत्या रचलेल्या, त्या जवळून बघा, आपल्याकडे जुन्या गडांवर चुना न वापरता केलेलं कोरडं बांधकाम असतं तोच प्रकार. हे बांधलं इ.स.पू. ३६५० च्या आसपास, म्हणजे गावातल्या वर्तुळाच्याही कितीतरी आधी. आत बाया, पुरुष, लहान मुलं अशा निदान ३६ जणांची हाडं मिळाली, पुढे शेकडो वर्षांनी खोल्या माती-दगडांनी भरून टाकल्या आणि तोंड त्या मोठ्या दगडांनी बंद केलं.

आत कधी फुलं, कणसं, रिबिनी ठेवलेल्या असतात, कुणी मेणबत्त्या लावून जातं. फुलं ठीक आहेत पण मेणबत्ती लावू नका, दगडावर काजळी आणि मेणाचे डाग कायमचे बसतात. डबा खायचा तर बाहेर बांधाच्या आडोशाला, समोर सिल्बरी दिसते आणि वारा कमी लागतो.

ईस्ट केनेट आणि सँक्च्युअरी

चढ उतरून पूर्वेकडे जाणारी वाट पकडायची, शेतांच्या कडेने ईस्ट केनेट गावात निघते. अगदी छोटं गाव, चर्च, थोडी घरं, विटांच्या भिंती, दुकान नाही. इथे रेंगाळायचं कारण नाही, पण केनेटवरच्या छोट्या पुलावर थांबा, पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाची गवतं मोजता येतात.

पूल ओलांडून चढ चढला की परत ए-४, आणि रस्त्याच्या कडेलाच ओव्हर्टन हिलवर सँक्च्युअरी. खरं सांगायचं तर इथे बरेच लोक वैतागतात. गवतात सिमेंटचे बुटके खुंट गोलाकार रोवलेत, बास. पूर्वी इथे लाकडी खांबांची आणि दगडांची वर्तुळं होती, दगड १७२० च्या दशकात फोडून नेले, आता खुंट फक्त जागा दाखवतात. पण तिथे उभं राहून उत्तर-पश्चिमेला बघा आणि डोक्यात आणा की इथून थेट एव्हबरीपर्यंत अडीच किलोमीटर दगडांच्या जोड्यांचा रस्ता होता, तर मग ती जागा बोलायला लागते.

रिजवे आणि गावाकडे परत

ए-४ पुन्हा ओलांडला की समोर रिजवे या राष्ट्रीय पायमार्गाचं सुरुवातीचं टोक, पाटी आहे. इथून तो ८७ मैल चालत बकिंगहमशरमधल्या आयव्हिंगहो बीकनपर्यंत जातो, आपल्याला दोनेक किलोमीटरच पुरे. आजूबाजूला झाडांचे झुबके असलेले गोल ढिगारे दिसतात, ती कांस्ययुगातली थडगी. वारा इथे मुलखाचा, वसंतात चंडोल आभाळात अडकल्यासारखे एका जागी गात असतात, आणि जुलै-ऑगस्टात कुठल्यातरी गव्हाच्या शेतात क्रॉप सर्कल (पीक आडवं पाडून केलेली गोल नक्षी) उमटलेलं दिसू शकतं. ते परग्रहवासी काढत नाहीत, फळी आणि दोरी घेऊन माणसं काढतात, आणि शेतकऱ्याचं पीक जातं, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नका.

मग आडवी वाट लागते, तिला हेरपाथ किंवा ग्रीन स्ट्रीट म्हणतात. उजवीकडे गेलात तर फायफील्ड डाउन हे निसर्ग-राखीव क्षेत्र, जिथे सार्सन दगड (एक प्रकारचा कठीण वालुकाश्म) नैसर्गिक अवस्थेत गवतात लोळत पडलेत, लांबून मेंढ्यांचा कळप बसल्यासारखे. एव्हबरीचे दगड असल्याच उतारांवरून ओढत आणले. पायात जोर असेल तर तासभर तिकडे काढा, नसेल तर डावीकडे वळा, वाट हळूहळू उतरत थेट एव्हबरीच्या पूर्वेच्या तोंडाशी आणते. या बाजूने आलं की बांधाची खरी उंची कळते, पार्किंगकडून येणाऱ्यांना ती कळतच नाही. तोंडाशीच बीचची झाडं आहेत, मुळं सगळी उघडी पडून एकमेकांत गुंतलेली, फांद्यांना लोकांनी रिबिनी बांधलेल्या.

आता वर्तुळ, चार तुकड्यांत

रस्त्यांनी वर्तुळाचे चार भाग केलेत, प्रत्येकात वेगळं बघायचंय. ईशान्येच्या भागात दगड थोडे, पण कोव्ह नावाचे दोन राक्षसी दगड तिथे आहेत, त्यातला एक जमिनीखाली इतका खोल गेलाय की वजनाचा अंदाज शंभर टनांच्या घरात गेला. आग्नेयेच्या भागात दक्षिणेच्या तोंडाशी डेव्हिल्स चेअर, दगडात नैसर्गिक बैठक आहे, पोरंटोरं बसून फोटो काढतात, तुम्हीही काढा. वायव्येला तो रस्त्याकडेचा स्विंडन स्टोन.

सगळ्यात जास्त वेळ नैऋत्येच्या भागाला द्या. इथले दगड आज उभे आहेत ते अलेक्झांडर कीलर या माणसामुळे. डंडीच्या मार्मलेड बनवणाऱ्या घराण्याचा वारस, पैसा अमाप, डोक्यात पुरातत्त्व. त्याने १९३० च्या दशकात इथली जमीन विकत घेतली, पुरलेले दगड शोधून काढले आणि जागच्या जागी उभे केले, जिथे दगड नव्हताच तिथे सिमेंटचा छोटा खांब रोवला, म्हणून ते खांब दिसले की समजायचं इथला दगड गेला. १९४३ मध्ये त्याने हे सगळं नॅशनल ट्रस्टला विकलं. या साफसफाईत वर्तुळातली काही घरं पाडली गेली आणि लोकांना शेजारच्या एव्हबरी ट्रस्लोला जावं लागलं, ही बाजू माहितीफलकांवर जरा हळू आवाजात सांगतात.

दगड पुरले कुणी, तर मध्ययुगात गावकऱ्यांनीच, चर्चच्या दृष्टीने ही सैतानी कामं म्हणून. आणि पुरले म्हणूनच वाचले, कारण पुढे अठराव्या शतकात लोक दगड फोडायलाच लागले. पद्धत अशी की दगडाखाली खड्डा करून गवत-लाकडं पेटवायची, दगड चांगला तापला की जिथे फोडायचा त्या रेषेवर गार पाणी ओतायचं आणि घण घालायचा. १७१९ पासून विल्यम स्टुकली हा जुन्या वास्तूंचा अभ्यासक दरवर्षी येऊन हे सगळं डोळ्यांनी बघत होता, त्याने काढलेली चित्रं-मापं नसती तर आज कुठला दगड कुठे होता ते कळलंच नसतं. त्याच्या आधी १६४९ मध्ये जॉन ऑब्री शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि त्याने या जागेकडे पहिल्यांदा अभ्यासकाच्या नजरेने बघितलं. फोडलेले दगड गेले कुठे, तर गावातल्या घरांच्या आणि कुंपणांच्या भिंती नीट बघा, करड्या दगडाचे तुकडे तिथेच बसवलेत.

नैऋत्येच्या याच भागात बार्बर्स स्टोन (न्हाव्याचा दगड) आहे. १९३८ मध्ये या दगडाखाली एक सांगाडा मिळाला, सोबत कात्री, एक लोखंडी सळईसारखं हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी, म्हणून तो न्हावी-वैद्य असावा असा तर्क. दगड पुरताना अंगावर पडून मेला ही गोष्ट गाइड अजून रंगवून सांगतात, पण नंतरच्या तपासणीत तसं ठामपणे म्हणता येत नाही असं निघालं. सांगाडा लंडनला नेला होता, तो युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असंच सगळे धरून चालले होते, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सापडला.

म्युझियम, चर्च आणि पोटोबा

कीलरच्या नावाचं म्युझियम दोन जागी आहे, तबेल्यात आणि सतराव्या शतकातल्या गवताच्या छपराच्या खळ्याच्या कोठारात. आधी तबेल्यातलं बघा, तिथे विंडमिल हिल या जवळच्या टेकडीवर सापडलेल्या लहान मुलाचा सांगाडा आहे, सगळे त्याला चार्ली म्हणतात. हा परत पुरावा अशी मागणी ड्रुइड मंडळींनी केली होती, बरीच चर्चा झाली आणि २०१० मध्ये म्युझियममध्येच ठेवायचं ठरलं. सेंट जेम्स चर्च वर्तुळाच्या बाहेर पश्चिमेला, सॅक्सन काळापासूनचं, दार बहुधा उघडं असतं, पाच मिनिटं आत बसून या.

खायला रेड लायन पब, वर्तुळाच्या आत असलेला, गवताच्या छपराचा. शाकाहारी असाल तर जॅकेट पोटॅटो, सूप, चीजचं सँडविच यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका, आणि खेड्यातल्या पबांची किचनं दुपारी मध्येच बंद होतात हे ध्यानात ठेवून दोनच्या आत ऑर्डर द्या. ट्रस्टचं कॅफे आहे, तिथला चहा आणि स्कोन बरा असतो. गावातलं दुकान छोटं पण कामाचं.

आई-बाबांसाठी छोटा मार्ग

वर्तुळाचे दक्षिणेचे दोन भाग, मग दक्षिणेच्या तोंडातून रस्ता ओलांडून वेस्ट केनेट ॲव्हेन्यू. ही तीच दगडांच्या जोड्यांची वाट जी सँक्च्युअरीपर्यंत जायची. सपाट गवत, दोन्ही बाजूंनी दगड, अर्धा-पाऊण किलोमीटर जाऊन त्याच वाटेने परत. उंच निमुळता आणि बुटका रुंद अशा दगडांची जोडी लावलीय असं बऱ्याच ठिकाणी वाटतं, त्यावरून नर-मादीचे तर्क झालेत, खरं-खोटं ते दगडच जाणोत. मोठा फेरा केलेल्यांनीही हे संध्याकाळसाठी राखून ठेवावं, ऊन तिरपं झालं की दगडांवरचे खड्डे-सुरकुत्या उठून दिसतात. व्हीलचेअर असेल तर मात्र गवत आणि फाटकं दोन्हींचा त्रास होतो, तेव्हा गावातली गल्ली, म्युझियम आणि जवळचे दगड एवढंच धरा.

दुसरा दिवस असेल तर आजूबाजूची गावं

सगळं नाही सांगत, जे खरंच जाण्यासारखं आहे तेवढंच. एप्रिलच्या शेवटी ते मेच्या मध्यापर्यंत आलात तर लॉकरिजजवळचं वेस्ट वुड्स सोडू नका, जमिनीवर निळ्या ब्लूबेलचा नुसता सडा. आणि २०२० मध्ये झालेल्या संशोधनानुसार स्टोनहेंजचे बहुतेक मोठे सार्सन याच जंगलातून गेलेत, तब्बल पंचवीस किलोमीटर.

ए-४ ने पश्चिमेला चेरिल. टेकडीवर १७८० मध्ये कोरलेला पांढरा घोडा, कॅल्नच्या एका डॉक्टरने खाली रस्त्यावर उभं राहून कर्ण्यातून ओरडून-ओरडून कामगारांकडून आखून घेतला म्हणतात. वर एक उंच मनोरा आहे, लॅन्सडाउन घराण्याने १८४५ मध्ये बांधलेला. याच घराण्यातला पाचवा मार्क्विस १८८८ ते ९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, उत्तराखंडातलं लॅन्सडाउन त्याच्याच नावाचं, आणि त्यांचा वाडा बोवुड हाउस कॅल्नजवळच आहे. जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा केला तो याच वाड्यात.

पूर्वेला मार्लबरो, भलत्याच रुंद हाय स्ट्रीटचं गाव, बुधवारी आणि शनिवारी बाजार. मार्लबरो कॉलेज नावाच्या शाळेच्या आवारातला मातीचा उंचवटा पूर्वी नॉर्मन किल्ल्याचा समजायचे, २०११ मध्ये कळलं की तोही सिल्बरीच्याच वेळचा, इ.स.पू. २४०० च्या आसपासचा. तो शाळेच्या हद्दीत असल्यामुळे वाटेल तेव्हा आत जाता येत नाही.

दक्षिणेला डिव्हायझेस, आणि मला विचाराल तर दुसऱ्या दिवसासाठी हेच पहिलं. केन हिलला कालव्यावर २९ लॉक्स (पाणी चढवून-उतरवून होड्या वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे), त्यातली १६ एका सरळ रेषेत उतारावर, होड्या पायऱ्या चढाव्यात तशा चढतात आणि प्रत्येक दार माणसं ढकलून उघडतात. गावातल्या विल्टशर म्युझियममध्ये स्टोनहेंज परिसरात सापडलेलं कांस्ययुगातलं सोनं आहे. राहायला मार्लबरो किंवा डिव्हायझेस बघा, एव्हबरीत मोजक्याच खोल्या आहेत आणि त्या लवकर भरतात. डिव्हायझेसला राहिलात तर तीच ४९ नंबरची बस, तेव्हा दोन्ही दिवस गाडीशिवाय जमतात, फक्त संध्याकाळची बस चुकली तर टॅक्सी तिथे रस्त्यावर हात करून मिळत नाही, आदल्या दिवशीच एखाद्या स्थानिक टॅक्सीचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा.